बोट हलण्यापूर्वीं



आपला उजवा हात मांडीवर निश्चल ठेवा, आणि मनाला येईल त्या क्षणीं तर्जनी एकदांच उचला. क्रिया इतकी क्षुल्लक आहे, कीं तिच्याविषयीं भाषण करावें असें कोणालाही वाटणार नाहीं. परंतु बोट उचलण्याची इच्छा, मेंदूंतील खळबळ आणि स्नायूचें आकुंचन या तिहींचा क्रम कोणता, असें विचारतांच भल्याभल्यांची मति कुंठित होते. आधीं इच्छा, मग मेंदू, मग बोट, असें आपण सहज म्हणूं. हा क्रम तपासण्याचें साधन गेल्या शंभर वर्षांत शास्त्रज्ञांच्या हातीं आलें आहे. तें कसें वापरतात, हें आज सांगावयाचें आहे.

मेंदू आणि स्नायु हे दोघेही सूक्ष्म विजेच्या साह्यानें आपलें काम करतात. १९२४ सालीं जर्मनींतील येना येथें हान्स बेर्गर या मनोविकारतज्ज्ञानें माणसाच्या मेंदूंतील विद्युत्-स्पंदनांची नोंद प्रथम घेतली, आणि १९२९ मध्यें ती प्रसिद्ध केली. डोक्याच्या त्वचेवर धातूच्या चकत्या लावून घेतलेला हा आलेख म्हणजेच डॉक्टर मंडळींचा ई. ई. जी. अशाच चकत्या हातावर लावल्या, कीं स्नायूंचा आलेख, म्हणजे ई. एम. जी., मिळतो.

या दोहोंच्या बळांत मात्र मोठा फरक आहे. व्होल्टचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोव्होल्ट. स्नायु आकुंचन पावतांना शेंकडों, कधीं हजारों मायक्रोव्होल्टांचा दणका देतो. मेंदूचीं नित्याचीं स्पंदनें पन्नासांच्या आसपास घोटाळतात. आणि बोट हलविण्याच्या तयारीची खूण तर सहसा दहांच्याही आंत असते. ती मेंदूच्याच गलबल्यांत बुडून जाते. त्यांत पापणी लवली किंवा दांतावर दांत दाबले गेले, तर तेथील वीज नोंदींत शिरते आणि तो तुकडा टाकून द्यावा लागतो.

मग ही खूण सांपडली कशी? मंडईंतील एक दृष्टांत घेऊं. एक दुकानदार रोज रात्रीं दुकानाची फळी धाडकन् लावतो, आणि त्यापूर्वीं हलकेंच खांकरतो. भोवतालच्या गलक्यांत तें खांकरणें ऐकूं येणें शक्य नाहीं. परंतु शंभर रात्रींच्या ध्वनिनोंदी घेतल्या, फळीचा आवाज सर्वांत एकाच जागीं येईल अशा रीतीनें त्या एकमेकींवर ठेवल्या आणि सरासरी काढली, तर गलका रोज निराळा असल्यामुळें विरून जातो. खांकरणें मात्र टिकून राहतें. शंभर आवृत्तींनीं गलबला दशांशावर येतो, पन्नासाचा पांच होतो, असें गणित आहे. येथें फळीचा आवाज म्हणजे स्नायूचा आलेख, आणि खांकरणें म्हणजे मेंदूची खूण.

१९६४ मध्यें फ्रायबुर्ग येथें हान्स हेल्मुट कोर्नहूबर आणि त्यांचे विद्यार्थी ल्यूडर डेके यांनीं नेमकें हेंच केलें. अडचण एवढीच, कीं त्या काळचें सरासरीचें यंत्र इशारा मिळाल्यानंतरचेंच गणित करी. या दोघांनीं सर्व नोंदी चुंबकीय फितीवर घेतल्या, आणि फीत उलटी चालविली! स्नायूचा झटका आधीं आला, आणि त्याच्या मागचा काळ यंत्रापुढें उलगडत गेला. बोट हलण्यापूर्वीं सुमारें एक सेकंद, कधीं त्याहूनही आधीं, माथ्यावरील ऋण विद्युद्दाब हळूहळू वाढूं लागतो, असें त्यांना दिसलें. याला त्यांनीं जें जर्मन नांव दिलें, त्याचा अर्थ सिद्धतेचा दाब.

१९८३ सालीं अमेरिकेंत बेंजामिन लिबेट यांनीं या प्रयोगास घड्याळाची जोड दिली. इच्छा मनांत उमटली त्या क्षणीं फिरता ठिपका कोठें होता, हें माणसांनीं सांगावयाचें. त्यांच्या सांगण्याप्रमाणें इच्छा हालचालीपूर्वीं सुमारें एक-पंचमांश सेकंद उमटली. मेंदूची सिद्धता मात्र अर्ध्या सेकंदाहूनही आधीं सुरू झालेली होती. मग निर्णय मेंदूच घेतो, आणि आपण मागाहून त्यावर केवळ सही करतों काय? तसें असेल, तर नीति आणि जबाबदारी यांना आधार कोणता उरला?

येथें पुन्हां आपल्या दुकानदाराकडे वळूं. आपण केवळ फळी लागल्याच्या क्षणापासून मागें गेलों. तो दिवसभर अधूनमधून खांकरत असेल, तर? २०१२ मध्यें आरोन शर्गर व त्यांचे सहकारी यांनीं असाच विचार मांडला. मेंदूंतील विद्युद्दाब आपोआप चढतउतरत असतो. बोट हलविण्याची वेळ ठरलेली नसली, म्हणजे त्या चढणीनें एखादा उंबरठा गांठला कीं हालचाल घडते. तेवढ्याच चढणी निवडून सरासरी काढल्यास संथ सिद्धता दिसणारच. ती आगाऊ घेतलेला निर्णय असेलच असें नाहीं. वाद अद्याप मिटलेला नाहीं. परंतु आलेख काय सांगेल, हें आपण मोजणीचा आरंभ कोठून करतों यावर अवलंबून असतें, एवढें खरें.

ही गोष्ट केवळ तत्त्वज्ञांच्या कामाची नाहीं. पक्षाघातानें हात लुळा पडलेल्या रुग्णानें तो हलविण्याचा प्रयत्न केला, तरी मेंदूंत सिद्धतेची खूण उमटूं शकते. ती ओळखून यंत्राच्या साह्यानें हात हलवावा, असे प्रयत्न आज चालू आहेत. पण येथें फळीचा आवाज नाहीं, कारण स्नायु मुका आहे. शंभर आवृत्तींची सरासरी काढण्यासही सवड नाहीं, कारण पाण्याचा पेला रुग्णाला आतांच उचलावयाचा आहे. एकदांच उमटलेली खूण भर गलक्यांतून ओळखावी, हें या शास्त्रापुढचें खरें कार्य.