गोधडी चौघींची, मशीन एकीचे?
बचत गटांनी शिलाई मशीन घेताना यंत्राइतकाच सोबतीचाही विचार व्हावा

चंद्रपूर/गडचिरोली : धानाची मळणी आटोपलेली असते आणि मोहफुले वेचण्याचे दिवस अद्याप दूर असतात. झाडीपट्टीतील बायकांच्या हाताला या मधल्या काळात दुपारी थोडी उसंत मिळते. मग एखाद्या अंगणात जुने लुगडे अंथरले जाते. त्यावर विरलेली धोतरे, फाटके सदरे आणि पोत गेलेल्या साड्यांचे थर रचले जातात. चार बाजूंना चौघी बसतात व कडेकडून धावदोरा घालत मध्याकडे सरकू लागतात. शिवण जसजशी आत येते, तसतशा शिवणाऱ्याही एकमेकींच्या जवळ येतात. सासर-माहेरच्या गोष्टी, मुलीचे लग्न, सावकाराचे देणे, दुखणीखुपणी असे सारे काही त्या गोधडीच्या काठावर बोलले जाते.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. परंतु जंगल, धानशेती आणि नातीगोती यांनी हे दोन जिल्हे आजही जोडलेले आहेत. लगतच्या छत्तीसगडमध्ये 'मितान' बदण्याची, म्हणजे विधीपूर्वक मैत्री जोडून ती रक्ताच्या नात्याप्रमाणे निभावण्याची रीत आहे. गोधडीभोवती जमणारी मैत्री अशा कोणत्याही विधीविना जुळते. मात्र गोधडी विक्रीसाठी शिवायची ठरली, की पहिला प्रश्न उभा राहतो तो मशीनचा. गटाच्या बचतीतून किंवा कर्जातून घ्यावयाचे हे यंत्र चुकीचे निघाले, तर पैसा अडकून पडतो. त्याहून मोठा धोका असा, की चौघींचे काम एकीच्या हाती जाते आणि उरलेल्या तिघी घरी बसतात.

हाताचे काम, मशीनचे काम

गोधडीचे काम मुख्यतः दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात चिंध्या व तुकडे जोडून वरचा पदर तयार करायचा. दुसऱ्या टप्प्यात हा पदर, मधले थर आणि खालचे अस्तर एकत्र शिवून पक्के करायचे. पहिले काम मशीनवर झपाट्याने होते व टीपही मजबूत येते. दुसऱ्या कामात मात्र साध्या मशीनची दमछाक होते. दोन-तीन किलोंचे जाड ओझे सुईखालून ओढावे लागते, थर सरकतात आणि चुण्या पडतात. शिवाय मशीनपुढे एकीलाच बसता येते.

अमेरिकेतील अलाबामा राज्यातील गीज बेंड या वस्तीचे उदाहरण येथे बोलके आहे. तेथील कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांतील स्त्रिया तुकडे जोडण्याचे काम बहुधा आपापल्या घरी करीत आणि थर शिवण्यासाठी एकत्र बसत. १९६६ मध्ये त्या परिसरातील स्त्रियांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभारली. २००२ मध्ये गीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन प्रथम ह्यूस्टन व नंतर न्यूयॉर्क येथील नामांकित संग्रहालयांत भरले आणि त्यांची गणना आधुनिक कलेत होऊ लागली. जोडकाम एकटीने व थरकाम सर्वांनी, ही विभागणी झाडीपट्टीतील गटांनाही सोयीची ठरू शकते. तसे ठरवले तर महागड्या मशीनची गरजच उरत नाही.

तीन प्रकारची मशिने

बाजारात या कामास उपयोगी पडणारी मशिने ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत.

पहिले, ओतीव लोखंडाचे काळे मशीन. ते हाताने, पायडलने किंवा बाजूला छोटी मोटर बसवून चालते. त्यावर केवळ सरळ टीप पडते. परंतु गोधडीला बहुतेक वेळा तेवढीच लागते. वीज गेली तरी पायडल चालू राहते. त्याचे सुटे भाग सहज मिळतात व दुरुस्ती करणारा कारागीर तालुक्याच्या गावी सापडतो. सिरोंच्यापासून गडचिरोलीचे अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात आहे. अशा जिल्ह्यात हा मुद्दा किमतीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

दुसरे, झिगझॅग व नक्षीच्या टिपा घालणारे विजेवरचे हलके घरगुती मशीन. कडा बंद करणे, नक्षी काढणे यांसाठी ते उत्तम असते. मात्र सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंतची जागा त्यात बहुधा वीतभरच असते. मोठ्या गोधडीची गुंडाळी त्या फटीत मावत नाही. दुपटी, उशीचे अभ्रे, पिशव्या अशा लहान वस्तूंसाठी ते घ्यावे.

तिसरे, कारखान्यात वापरले जाणारे वेगवान सरळ टिपेचे मशीन. घरगुती मशीन मिनिटाला हजाराच्या आसपास टाके घालते, तर हे चार-पाच हजारांपर्यंत जाते. जाड थर ते सहज शिवते. परंतु त्याला टेबल, मोठी मोटर, स्थिर वीजपुरवठा आणि नियमित तेलपाणी लागते. हात बसलेला नसेल तर बोटाला इजा होण्याची भीती असते. मोठी व सातत्याची मागणी हाती असेल तरच या मशीनचा विचार करावा. त्यातही जुन्या पद्धतीच्या मोटरऐवजी सर्व्हो मोटर घेतल्यास वीज वाचते, आवाज कमी होतो व वेग ताब्यात ठेवता येतो.

दुकानात काय पाहावे?

दुकानदार मशीन दाखवतो ते कोऱ्या, पातळ कापडाच्या दुपदरी तुकड्यावर. त्यावर कोणतेही मशीन सुरेख टीप घालते. म्हणून मशीन पाहावयास जाताना घरची जुनी साडी, धोतर व सदऱ्याचे तुकडे बरोबर न्यावेत. त्यांचे सहा-आठ थर करून सलग मीटरभर टीप घालून पाहावी.

या चाचणीत चार गोष्टी तपासाव्यात. कापड दाबून धरणारा 'फूट' इतक्या थरांवर पुरेसा उचलला जातो का? त्याचा दाब कमी-जास्त करता येतो का? मध्येच टाके सुटतात का? आणि शेवटी वरचा थर पुढे सरकून खालचा मागे राहतो का? सुती व सिंथेटिक साड्या एकत्र असतील तर थर हमखास सरकतात. काही मशिनांना वरच्या थरालाही पुढे नेणारा खास फूट बसवता येतो. तो उपलब्ध आहे का, हे विचारून घ्यावे.

टाक्याची लांबी तीन ते चार मिलिमीटर ठेवता आली पाहिजे. बारीक टाक्यांनी जाड गोधडी कडक होते व कापड चिरते. पातळ जोडकामाला १४ क्रमांकाची, तर थरांसाठी १६ किंवा १८ क्रमांकाची सुई वापरावी. टाके सुटू लागले की मशीनला दोष देण्यापूर्वी सुई बदलून पाहावी. अनेकदा बिघाड तेवढाच असतो.

जुने मशीन घेण्यास हरकत नाही. मात्र चाक हाताने फिरवून पाहावे. ते हलके व विनाखडखड फिरले पाहिजे. शटल व बॉबिन गंजलेले नसावे आणि त्याच मापाचे बॉबिन बाजारात मिळते याची खात्री करावी.

मशीन कोणाच्या घरी?

पैशाची सोय अनेक मार्गांनी होऊ शकते. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून, तर 'उमेद' अभियान २०११ पासून राज्यात कार्यरत आहे. बचत गटांना बँकेच्या कर्जाशी जोडण्याचे काम दोन्हींमार्फत होते. केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत (प्रारंभ १७ सप्टेंबर २०२३) १८ पारंपरिक व्यवसायांमध्ये शिंपीकामाचा समावेश आहे. प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साह्य आणि पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज अशी तिची रचना आहे. हा लाभ मात्र व्यक्तीला व कुटुंबातील एकाच सदस्याला मिळतो, गटाला नव्हे. त्यामुळे साह्यातून आलेले मशीन कोणाचे, हे आधीच स्पष्ट असावे.

खरी कसोटी मशीन घरी आल्यावर लागते. ते ज्या घरात राहते, त्या घरचे हळूहळू होऊन जाते. सून पोलके शिवते, शेजारीण मुलाचा गणवेश आणते आणि सुई मोडली की कोणी मोडली यावरून अबोला सुरू होतो. वर्षानुवर्षांची मैत्री सुईच्या किमतीपायी तुटू नये यासाठी काही गोष्टी गटाच्या वहीत लिहून ठेवणे हिताचे. मशीन कोठे राहील, पाळी कशी लागेल, तेल, दोरा व दुरुस्तीचा खर्च कशातून होईल आणि खासगी कामासाठी किती आकार द्यावा, हे त्यात यावे.

मोबदल्याची वाटणी हा त्याहून नाजूक प्रश्न. नगावर पैसे ठरले, तर मशीनवर बसणारीची मिळकत वाढते आणि हाताने धावदोरा घालणारी मागे पडते. वास्तविक शहरातील ग्राहक गोधडीला चांगली किंमत देतो ती त्या हातशिलाईसाठीच. म्हणून दोन्ही कामांचे तास मोजून वाटणी करणे न्याय्य ठरते. विकतानाही जोडकाम मशीनचे आणि थरशिवण हाताची, असे स्पष्ट सांगावे. मशीनची टीप हाताची म्हणून खपवली, तर ग्राहक पुन्हा फिरकत नाही.

सारांश, नव्याने काम सुरू करणाऱ्या गटाला एक दणकट पायमशीन, चांगल्या सुया, पक्का सुती दोरा आणि एक वही एवढे भांडवल पुरेसे आहे. मागणी वाढल्यावर मोठे मशीन केव्हाही घेता येईल. मात्र ते येईल तेव्हाही अंगणातील जागा मोकळी ठेवावी. नजर अधू झाल्यामुळे मशीनवर बसू न शकणाऱ्या वृद्धेलाही गोधडीच्या एका काठावर जागा असते. तिचा टाका लांब पडला तरी कोणी उसवत नाही.