सोनोग्राफीचा इंग्रजी रिपोर्ट एआय मराठीत सांगतो. पण ‘पिशवी काढायची का’ हे त्याला विचारू नका

सोनोग्राफी झाली की पाकीट हातात पडते. आत दोन पाने, सगळी इंग्रजीत. गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात ते पाकीट मग कॉलेजात जाणाऱ्या पोराकडे, नाहीतर मेडिकलवाल्याकडे फिरते. आता त्याच पानाचा फोटो काढून चॅटजीपीटी किंवा जेमिनाय यांसारख्या एआयला दिला, तर मिनिटाभरात मराठीत अर्थ मिळतो.

बीड जिल्ह्यात ही सोय लहान नाही. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. मुकादमाची उचल, खाड्याचा दंड, फडावर पाणी आणि शौचालय नसणे अशी कारणे होतीच. त्यांच्या जोडीला ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ ही भीतीही होती. तसे रिपोर्टमध्ये खरेच लिहिले आहे का, हे कित्येकींना तपासताच येत नव्हते.

भीती घालणारे शब्द

‘बल्की युटेरस’ म्हणजे गर्भाशय आकाराने थोडे मोठे. अनेक बाळंतपणांनंतर ते तसे दिसू शकते. ‘नॅबोथियन सिस्ट’ म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाशी असलेली छोटी पाण्याची गाठ. तिला बहुतेक वेळा उपचारही लागत नाहीत. ‘फायब्रॉइड’च्या गाठी बहुतांशी कॅन्सरच्या नसतात. ‘अनरिमार्केबल’ वाचून तर माणूस घाबरतो, पण त्याचा अर्थ ‘विशेष काही आढळले नाही’ असा, म्हणजे चांगलाच. शेवटी ‘क्लिनिकल कोरिलेशन’ असते. तपासणी आणि तक्रारी यांच्याशी रिपोर्ट जुळवून पाहा, असे त्यातून रेडिओलॉजिस्टच सांगत असतो. थोडक्यात, निदान अजून पूर्ण झालेले नाही.

चूक कुठे होते?

छाती एक्स-रेत टीबीची लक्षणे शोधणारे एआय वेगळे. ते खास त्याच कामासाठी घडवलेले असते आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींच्या टीबी तपासणीसाठी अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली. मोबाइलवरचा चॅटबॉट तसा नाही. त्याला सोनोग्राफीची फिल्म दाखवून निदान मागू नका, लिहिलेला मजकूर द्या.

मजकुरातही तो चुकतो. सर्वांत वाईट चूक ‘नो’ शब्दाची. ‘गाठ नाही’चे ‘गाठ आहे’ झाले तर घर हादरते, आणि उलट झाले तर आजार अंगावर निघतो. मिलिमीटरचे सेंटिमीटर होते, डाव्याचे उजवे होते. म्हणून आकडे मूळ कागदाशी स्वतः ताडून बघा. फोटो काढण्याआधी नाव, मोबाइल नंबर आणि रुग्ण क्रमांक झाका.

विचारताना असे विचारा: ‘या रिपोर्टची प्रत्येक ओळ सोप्या मराठीत सांग. जे लिहिलेले नाही ते जोडू नको. डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न दे.’ खरा उपयोग शेवटच्या वाक्याचा आहे. औषधाने भागेल का, थांबून पुन्हा सोनोग्राफी केली तर चालेल का, अंडाशयही काढणार का, हे डॉक्टरांसमोर सुचत नाही. कागदावर असले की विचारता येते.

पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणे, फार रक्तस्राव, तापासह पोटदुखी असेल, तर एआयने कितीही धीर दिला तरी दवाखाना गाठाच.

कोणी शस्त्रक्रिया सुचवली, तर दुसरे मत बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात घेता येते. ई-संजीवनीवर डॉक्टरांशी मोफत बोलताही येते. दिवाळीच्या आसपास कारखान्याला निघताना मूळ रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत सोबत ठेवा आणि त्याचा फोटो घरच्या दुसऱ्या मोबाइलवरही पाठवून ठेवा.