माणकाचा सच्छिद्र भाऊ

पोरांनो, अंगठीतलं लालबुंद माणिक पाहिलंय ना? ते मुळात ॲल्युमिनाच, म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचं संयुग. किंचित क्रोमियममुळे त्याला लाली चढते. याच ॲल्युमिनाचं एक पांढरं, भुसभुशीत रूपही असतं. अंगठीत त्याला कुणी बसवणार नाही; पण रंगाने नासलेलं पाणी निवळायचं, तर माणिक कुचकामी आणि ही भुकटीच लाखमोलाची.

ती बनते कशी, ऐका. ॲल्युमिनियम नायट्रेट पाण्यात विरघळवून त्यात थेंब थेंब अमोनिया सोडायचा. बघता बघता पांढरा, बुळबुळीत साका धरतो. तो गाळून, धुऊन, वाळवून भट्टीत सावकाश तापवायचा. साक्यात बांधलेलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. मोठी छिद्रं हवी असतील तर आधीच स्टार्च मिसळतात. तो जळून जातो, त्याची जागा मोकळी राहते.

500 अंश सेल्सिअसच्या आसपास थांबलं, की हाती येतो गॅमा ॲल्युमिना. कबड्डीचं पुरुषांचं मैदान 130 चौरस मीटरचं. या भुकटीच्या एकाच ग्रॅममध्ये आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ 200 चौरस मीटरपर्यंत जातं! पण आच 1200 अंशांवर नेली, की कण एकमेकांत मिसळतात, छिद्रं बुजतात आणि उरतो टणक कुरुंद, माणकाच्याच जातीचा. म्हणून भट्टीपाशी कुठे थांबायचं, हे कळणं हीच खरी कारागिरी.

आता गंमत पाहा. काँगो रेड हा 1883 साली जर्मनीत शोधलेला सुती कापडाचा रंग. पाण्यात त्याच्या रेणूवर ऋण प्रभार असतो. पाणी किंचित आम्लधर्मी असलं, की ॲल्युमिनाच्या पृष्ठभागावर धन प्रभार येतो आणि दोघं एकमेकांना ओढून घेतात. चंचुपात्रातल्या लाल पाण्यात भुकटी घालून ढवळत राहा: पाणी फिकट होत जातं, भुकटी लाल होत जाते. त्याच पाण्यात मेथिलीन ब्लू टाकला, तर तो फारसा चिकटत नाही, कारण तोही धन प्रभाराचा. त्याच्यासाठी पाणी आम्लारीधर्मी करावं लागतं.

आपले रंगारी ही ओढ फार पूर्वीपासून वापरत आले. मंजिष्ठेचा लाल रंग सुतावर पक्का बसावा म्हणून ते कापड तुरटीच्या पाण्यात बुडवत. तुरटीतलं ॲल्युमिनियमच रंगाला धाग्याशी बांधून ठेवतं. तिथे रंग टिकवणारी पकड इथे पाणी सोडवते.

एक मात्र ध्यानात ठेवा. रंग नाहीसा झालेला नाही, तो फक्त पाण्यातून भुकटीत आलाय. ती पुन्हा भट्टीत तापवली, तर रंग जळतो आणि भुकटी परत कामाला येते. तीच लाल भुकटी कुणी ओढ्यात फेकली, तर मात्र सगळं मुसळ केरात.