चपटी बाजू उलटी (सर्किटची बाराखडी : भाग ९)

धारूरहून एका वाचकांनी खोकं पाठवलं. आत शेतीपंपाच्या ऑटो स्टार्टरचा, त्यांनी स्वतः आखलेला बोर्ड. झाकणाच्या आतून मार्करनं लिहिलेलं : ‘बीसी ५४७ लावताना चपटी बाजू उलटी.’ बोर्डावर छापलेल्या अर्धगोलाचं तोंड एकीकडे, ट्रान्झिस्टरचं दुसरीकडे. असा उलटा लावला की बोर्ड झकास चालतो. पण दुकानातला मुलगा छापलेल्या खुणेवर भरवसा ठेवून सुलटा लावतो आणि रिले ओढत नाही. त्यांनी विचारलंय, चूक सॉफ्टवेअरची की माझी?

थोडी दोघांचीही. चूक ज्या जागी झाली तिला लायब्ररी म्हणतात. या आठवड्यात फूटप्रिंट घेणार होतो, ते पुढच्या भागात.

आपण या मालेत कीकॅड हे सर्किट आणि बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर वापरतोय. फ्रान्समधल्या ज्याँ-पियेर शारा यांनी ते १९९२ साली सुरू केलं, पुढे सर्ननं हातभार लावला. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ई-सिमही चित्र काढायला कीकॅडच घेतं आणि हिशेबाला एनजीस्पाइस. मोफत असल्यामुळे तालुक्याच्या गावातल्या दुकानातही ते चालतं, हे महत्त्वाचं.

लायब्ररी म्हणजे चित्रांचा गठ्ठा, असा समज असतो. चित्र हा तिचा सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग. सर्किटच्या आकृतीतलं भागाचं चित्र म्हणजे सिंबॉल, आणि बोर्डावर त्याचे पाय बसतात तो ठसा म्हणजे फूटप्रिंट. सिंबॉलच्या प्रत्येक पिनला एक नंबर असतो, फूटप्रिंटच्या प्रत्येक पॅडलाही असतो, आणि सॉफ्टवेअर फक्त नंबराला नंबर जोडतं. १ ची तार १ वर, २ ची २ वर. कलेक्टर कशाला म्हणतात हे त्याला ठाऊक नसतं. बाण बरोबर काढलाय, वर्तुळ सुबक आहे, तरी नंबर चुकला असेल तर बोर्ड चुकणारच, आणि पडद्यावर काही म्हणजे काही दिसणार नाही.

बीसी ५४७ ची चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ तसाच धरा : एमिटर, बेस, कलेक्टर. दोन्ही एनपीएन, दोघांचं चित्र एकच. म्हणून कीकॅडमध्ये सर्वसाधारण एनपीएनच्या सिंबॉलची भावंडं आहेत, नावाच्या शेवटी ईबीसी, सीबीई, बीसीई अशी अक्षरं असलेली. ही अक्षरं म्हणजे १, २, ३ नंबरचे पाय. आपल्या वाचकांनी ईबीसी उचललं आणि ‘व्हॅल्यू’च्या जागी बीसी ५४७ असं टाइप केलं. नाव बदललं, पाय बदलले नाहीत. खरं तर बीसी ५४७ चा तयार सिंबॉल ट्रान्झिस्टरांच्या लायब्ररीत आहे.

कलेक्टर-एमिटरची अदलाबदल झालेला ट्रान्झिस्टर पुरता मरत नाही, हीच पंचाईत. उलट्या दिशेनं तो करंट वाढवतो, पण फार कमी. १२ व्होल्टच्या छोट्या रिलेला साधारण ३० मिलीअँपिअर लागतात, तेवढे मिळत नाहीत. मग माणूस रिलेवर संशय घेतो, पॉवर सप्लाय तपासतो, दिवस घालवतो.

बेस ईबीसी आणि सीबीई दोन्हीत मधोमध, म्हणून चपटी बाजू फिरवून काम भागलं. नशीब! रेग्युलेटरमध्ये असं नशीब नसतं. ७८०५ चा पाय १ इनपुट, २ ग्राउंड, ३ आउटपुट. ७९०५ चा १ ग्राउंड, २ इनपुट. एलएम ३१७ चा १ ॲडजस्ट, २ आउटपुट, ३ इनपुट. तिघांचा आकार एकच. फिरवून बघायला गेलात तर धूर.

डायोडची गंमत आणखी वेगळी. कीकॅडच्या डायोडमध्ये पिन १ कॅथोड, तर एनजीस्पाइसच्या हिशेबात आधी ॲनोड. बोर्डासाठी बरोबर असलेला सिंबॉल सिम्युलेशनमध्ये उलटा पडू शकतो. कोणती पिन मॉडेलच्या कोणत्या टोकाला, हे सिंबॉलमध्येच लिहावं लागतं. ई-सिम आपल्या वेगळ्या लायब्ररी सोबत देतं ते उगाच नाही.

आता नावांचं. कीकॅड प्रत्येक सिंबॉल दोन भागांत ओळखतं : लायब्ररीचं टोपणनाव, मग कोलन, मग सिंबॉलचं नाव. गावांचंही तसंच : नुसतं ‘धारूर’ लिहून चालत नाही, तेलंगणात विकाराबाद जिल्ह्यातही धारूर आहे. ‘बीड:धारूर’ लिहिलं की प्रश्न मिटला. टोपणनावाची फाइल डिस्कवर नेमकी कुठे, हे एका तक्त्यात असतं. तक्ते दोन, एक सगळ्या संगणकाचा आणि एक त्या प्रकल्पापुरता. फाइल हलली तर तक्त्यातली एक ओळ बदला, काम झालं. टोपणनाव मात्र मध्येच बदलू नका. मोगलांनी धारूरचं फतेहाबाद केलं तसं ते होतं : गाव तिथंच, पण जुन्या कागदांना ते सापडत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की मोठ्या लायब्ररीतून रोज उचलाउचली करू नये. प्रकल्पाच्या फोल्डरातच स्वतःची छोटी लायब्ररी ठेवा आणि तिचा पत्ता त्या फोल्डरापासून मोजलेला द्या, ‘डी ड्राइव्ह’पासून नको, नाहीतर पेन ड्राइव्हवरून दुसरीकडे नेलं की लायब्ररी हरवते. त्या लायब्ररीत दुकानात खरोखर मिळतात तेवढेच भाग घाला, पंचवीस-तीस पुरतात. प्रत्येकाची डेटाशीट उघडून पाय स्वतः मोजा. बोर्ड खऱ्या मापात कागदावर छापा आणि त्यावर प्रत्यक्ष ट्रान्झिस्टर ठेवून बघा. कागदाचा खर्च रुपयाचा आहे.

एक खोच लक्षात ठेवा. कीकॅड ६ पासून स्कीमॅटिक स्वतःतच सिंबॉलची प्रत ठेवतं. त्यामुळे लायब्ररी हरवली तरी चित्र उघडतं, पण लायब्ररीत केलेली दुरुस्तीही आपोआप तिथं पोचत नाही. ‘लायब्ररीतून सिंबॉल अद्ययावत करा’ ही आज्ञा द्यावी लागते, आणि मग बोर्डालाही ते कळवावं लागतं.

धारूरच्या वाचकांनी तेवढं केलं की पुढची खेप सरळ येईल. छापून पडलेल्या जुन्या बोर्डांना मात्र मार्कर सुटणार नाही. तो झाकणाच्या आत नको, बोर्डावरच्या अर्धगोलावर फुली मारायला वापरा.