गाण्यातला अपमान आणि रेडिओची कात्री

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. विहारातली वंदना आटोपून आम्ही घरी आलो, तेव्हा स्वयंपाकघरातल्या फळीवरचा रेडिओ सुरू होता. एका खासगी वाहिनीवर जुन्या गाण्यांचा फर्माइशीचा कार्यक्रम लागला होता. आमची पुतणी चौथीत आहे. भाकरीच्या पिठाचा गोळा हातात घेऊन ती ढोलकीच्या ठेक्यावर नाचत होती, गाण्याबरोबर गातही होती. गाणे तमाशाच्या थाटाचे, चालही झकास. दुसऱ्या कडव्यात आमच्या पूर्वाश्रमीच्या जातीचे नाव आले. आले ते यमक जुळवायला आणि हशा पिकवायला. पोरीने तेही तितक्याच ठसक्यात म्हटले.

आईने पिठाचे हात तसेच ठेवून रेडिओचा कान पिळला. "बंद कर त्ये. ह्यो शबुद ऐकाया नगं म्हून तर गाव सोडलं आमी."

पोर हिरमुसली. आमच्याकडे वळून म्हणाली, "काका, गाणं चांगलं होतं की. त्यातला तो माणूस कोण? त्याला सगळे का हसतात?"

वाचक बंधू-भगिनींनो, खरे सांगतो, आम्हाला उत्तर सुचले नाही. १९५६ साली आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द कोणी उच्चारीत नाही. शाळेत कधी ना कधी कोणीतरी पोरीला तो ऐकवील, ही धास्ती होतीच. पण रेडिओ तो तिच्याच तोंडून वदवून घेईल, हे ध्यानीमनी नव्हते. (गाण्याचे नाव आम्ही मुद्दाम छापत नाही. छापले तर उद्या दहाजण ते शोधून ऐकतील.)

संध्याकाळी हा विषय वस्तीत निघाला. तरुणांचे म्हणणे एकच : रेडिओवाल्यांनी असले शब्द कापलेच पाहिजेत. हल्ली संगणकावर काय कठीण आहे? शब्द तेवढा गप्प करायचा, नाही तर त्यावर 'टूं' वाजवायचे. एका गृहस्थाचे मत, जुनी गाणी आहेत, कशाला मनाला लावून घेता? त्यांना बायामाणसांनीच गप्प केले. पण कोपऱ्यात बसलेल्या एका निवृत्त गिरणी कामगाराने जो प्रश्न टाकला, त्याने आम्हाला रात्रभर झोपू दिले नाही. ते म्हणाले, "शब्दच कापायचा ठरला तर आपले जलसे कुठे राहतात? त्यात तर तो शब्द जागोजाग आहे."

हा प्रश्न बाजूला सारून पुढे जाता येत नाही. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादांच्या गाण्यांपर्यंत आपल्या शाहिरांनी समाज जागा केला तो काय शब्द चोरून? येसकरकी, मेलेली ढोरे ओढणे, दारोदार मागितलेले शिळे तुकडे, हे सारे त्यांनी नावानिशी मांडले, तेव्हा कुठे ऐकणाऱ्याच्या मनात चीड पेटली. त्याहून मागे जा. चौदाव्या शतकातल्या चोखोबांचे जोहाराचे अभंग पाहा. जोहार म्हणजे आपल्या पूर्वजांनी गावच्या धन्यापुढे वाकून घालायचा मुजरा. तो जोहार टाकून आपण जयभीम घेतला. चोखोबांची भक्तीची वाट आपण धरली नाही, हेही खरे. तरीसुद्धा बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ शोधणारा आपला ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत नंदनार आणि रविदासांबरोबर चोखामेळा आहेत. जातीच्या नावांची एक यादी करून रेडिओने कात्री चालवली, तर पहिला आवाज बंद होईल तो चोखोबांचा आणि आपल्या शाहिरांचा.

आता नाण्याची दुसरी बाजू. २००७ च्या नोव्हेंबरअखेर 'आजा नचले' हा हिंदी चित्रपट लागला. माधुरी दीक्षित बऱ्याच वर्षांनी पडद्यावर येत होती, म्हणून गाजावाजा मोठा. त्याच्या शीर्षकगीतात एक ओळ होती. चपला शिवणारा माणूस स्वतःला दागिने घडवणाऱ्याच्या पंक्तीला बसवू लागला, म्हणजे मोहल्ल्यात काय गोंधळ माजला बघा, असा तिचा रोख. तेव्हा उत्तर प्रदेशात मायावतींचे सरकार होते. त्यांनी चित्रपटावर बंदी घातली. निर्मात्यांनी माफी मागितली, ओळ काढून टाकली आणि मग बंदी उठली. प्रस्थापितांनी त्या वेळी नाके मुरडली. एवढ्याशा ओळीचे काय घेऊन बसलात, म्हणाले.

पण त्या ओळीत वाईट शब्द कोणता होता, सांगा पाहू! मोची हा धंद्याचा शब्द. सोनार हाही धंद्याचाच. कोणत्याही यादीत हे शब्द बसणार नाहीत, कोणतेही यंत्र त्यांना अडवणार नाही. अपमान शब्दात नव्हताच, तो वाक्यात होता. ज्याने खाली राहायचे त्याने वर पाहिले, याची ती टिंगल होती. महाडच्या तळ्यावर आपण पाणी प्यायलो तेव्हा काठावरच्यांना जे झोंबले, तेच इथे सुरात बसवले होते.

म्हणजे यादीवाली कात्री चोखोबांना कापील आणि ही ओळ बिनबोभाट वाजू देईल. आमचा या कात्रीवरचा विश्वास उडाला तो इथेच.

पंजाबचे उदाहरणही लक्षात घेण्यासारखे आहे. तिकडे जाट असल्याचा तोरा मिरवणारी गाणी उदंड. त्यांच्या तोंडावर जालंधरच्या गिन्नी माही या रविदासी मुलीने 'डेंजर चमार' हे गाणे म्हटले आणि २०१६ च्या सुमारास ते देशभर पोहोचले. इथे तो शब्द छापताना आमचाही हात क्षणभर थबकला. कारण हाच शब्द चारचौघांत अपमानाच्या हेतूने उच्चारला, तर तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले आहे. न्यायालयाने शब्द कोशात पाहून हात झटकले नाहीत. आज तो शब्द कशासाठी वापरतात आणि बोलणाऱ्याचा हेतू काय, हे पाहिले. शब्द एकच. एकाच्या तोंडी तो गुन्हा होतो आणि त्या मुलीच्या तोंडी ताठ मान होते. यंत्राला हा फरक कसा कळावा?

परदेशातही हा वाद चालतो आणि तिथल्यांनाही तो सहजी सुटलेला नाही. इंग्लंडात नाताळच्या दिवसांत १९८७ सालचे एक गाणे हमखास लागते. पोग्ज नावाचा वाद्यवृंद, सोबत कर्स्टी मॅकॉल ही गायिका. गाण्यात एक फाटके, दारूत बुडालेले जोडपे एकमेकांना शिव्या घालते. त्यात समलिंगी पुरुषांना हिणवणारा एक शब्द आहे, बाईला घातलेली एक शिवी आहे. २००७ च्या डिसेंबरात बीबीसीच्या रेडिओ वनने ते शब्द दाबले. ओरड झाली, तेव्हा त्याच दिवशी निर्णय फिरवला. २०२० साली रेडिओ वनने पुन्हा बदललेले गाणे घेतले, तर त्याच बीबीसीच्या रेडिओ टूने मूळचेच वाजवले. वनचा श्रोता तरुण, टूचा वयस्क. एकाच घरात दोन चुली!

आम्हाला यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मॅकॉलबाईंनी स्वतः १९९२ साली दूरदर्शनवरच्या कार्यक्रमात तो शब्द बदलून गायिला होता. गाण्याचा कर्ता शेन मॅकगोवन २०१८ साली म्हणाला की, गाण्यातली ती बाई जशी बोलली असती तसे मी लिहिले. पण कोणाला ते समजत नसेल तर शब्द झाकला तरी माझी तक्रार नाही. निर्माता हयात असताना स्वतःहून मोकळेपणाने शब्द बदलतो, तेव्हा भांडणच उरत नाही.

कॅनडात २०११ साली याहून मजा झाली. डायर स्ट्रेट्स या मंडळींच्या १९८५ च्या गाण्यात तोच हिणवणारा शब्द. एका श्रोत्याने तक्रार केली. तिथल्या प्रसारकांच्या नियमन परिषदेने शब्द वगळल्याशिवाय गाणे लावू नका, असे जानेवारीत फर्मावले. चिडून एकदोन वाहिन्यांनी ते मूळ गाणे तासभर पुनःपुन्हा वाजवले. ज्यांना तो शब्द लागतो त्यांचा त्या तासाभरात कोणी विचार केला नसेल. ऑगस्टअखेर परिषदेने आपला निर्णय फिरवला आणि ज्याने त्याने आपापल्या श्रोत्याकडे पाहून ठरवावे, असे सांगितले. गाण्यातले पात्र अडाणी आहे आणि त्याचीच खिल्ली उडवली आहे, असे बचाव करणारे म्हणत. असेलही. पण हिणवला गेलेला पोरगा बसमध्ये बसून ते ऐकतो तेव्हा गवयाची खोच त्याला समजेल, असे आपण त्या पोराकडून का मागावे?

मग सरकारनेच एकदा काय ते ठरवून टाकावे काय? आपल्यातले बरेचजण असे म्हणतात. त्यांनी आपल्याच देशाचा इतिहास आठवावा. १९५२ पासून माहिती व नभोवाणी मंत्री असलेल्या बाळकृष्ण केसकरांना चित्रपटगीते हलकी वाटली, त्यांनी आकाशवाणीवरून ती हद्दपार केली आणि सारा देश रेडिओ सिलोनकडे कान लावून बसला. १९५७ साली विविध भारती काढावी लागली ती त्यामुळे. आणीबाणीत १९७६ साली किशोरकुमारने सरकारी कार्यक्रमासाठी गळा द्यायला नकार दिला, तेव्हा त्याची गाणीच आकाशवाणीवरून बंद झाली. त्या गाण्यांत कसली शिवी होती? सरकारच्या हाती कात्री दिली की ती शिवी शोधत बसत नाही, नावडता माणूस शोधते. आणि आपल्या शाहिरांइतका नावडता माणूस कोण?

तेव्हा आमचे मत असे. ज्या गाण्यात आपल्या माणसाची टवाळी आहे, ते रेडिओने लावूच नये. शब्द कापून तर मुळीच लावू नये. 'टूं' वाजले की घरातले प्रत्येक पोर विचारणार, इथे काय होते? आणि कोणीतरी ते सांगणारच. शब्द झाकला तरी मागचा हशा तसाच ऐकू येतो. लाखो गाण्यांतून वाहिनी दिवसाकाठी मोजकीच निवडते, त्यांतले एक वगळले तर कोणाच्या स्वातंत्र्यावर घाला पडत नाही. खासगी वाहिन्यांना परवाना देतानाच आकाशवाणीची संहिता पाळण्याची अट आहे, आणि त्या संहितेत कोणत्याही समाजावर हल्ला होईल असे प्रसारित करू नये, असे स्पष्ट आहे. नवे काही मागायचे नाही, आहे तेच त्यांना दाखवायचे आहे.

मात्र मूळ ध्वनिमुद्रिका कोणी नष्ट करू नये, पुसून गुळगुळीतही करू नये. ती संग्रहात जशीच्या तशी राहिली पाहिजे. कारण आजच म्हणणारे निघाले आहेत की गावगाड्यात सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, जातीपातीचे खूळ तुम्हीच काढले. उद्या त्यांना पुरावा दाखवायची वेळ आली तर तो कुठून आणायचा? २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय घेतला. चांगलेच झाले, पोरांच्या पत्त्यावरचा डाग जाईल. पण तिथे वाडा होता, वेशीबाहेर होता, हे लिहून ठेवण्याचे काम आपलेच आहे.

दुसऱ्या रविवारी आम्ही त्या वाहिनीला पत्र लिहायला बसलो. मसुदा आमचा, पण मधले एक वाक्य आईने सांगितले तसेच घातले : "गाणं लावणाऱ्या बाबा, तुज्या घरात तुज्या लेकीला कुणी असं म्हटलं तर तू ठेका धरशील का?" वस्तीतल्या एकेचाळीस जणांनी सह्या केल्या. दोघींनी अंगठे दिले.

राहिला पुतणीचा प्रश्न. त्याचे उत्तरही शेवटी आईनेच दिले. त्या रात्री तिला कुशीत घेऊन ती सांगत होती. तिचा बाप गावकीत काय काय करी, वेशीपाशी उभा राहून भाकर कशी मागावी लागे, त्याला कोणत्या नावाने हाक मारीत, आणि मग एके दिवशी त्याने गळ्यातला काळा दोरा कसा तोडून टाकला. तो शब्द आईच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकला. पोर गप्प होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "म्हणजे ते गाणं पणजोबांचं होतं?"

"त्येंचं न्हाई," आई म्हणाली. "त्येंच्यावरचं."

पत्र गेल्याला दोन आठवडे झाले, उत्तर आलेले नाही. रेडिओ फळीवर आहे, रोज लागतो. रविवारी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला की आई भाकरी थापता थापता बटणाजवळच उभी असते.