अंधारखोलीतील सूर

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा ‘डॉक्टर आणि त्यांचा छंद’ या विषयावर लिहावयास सांगितले, तेव्हा प्रथम मी टाळाटाळ केली. छायाचित्रणाची हौस असणारे डॉक्टर आपल्या मंडळात निदान दहा-बारा तरी आहेत आणि त्यांतील बहुतेकांचे कॅमेरे माझ्या कॅमेऱ्याहून महाग आहेत. परंतु कृष्णधवल फिल्म स्वतः धुऊन ब्रोमाइड कागदावर स्वतःच्या हाताने छपाई करणारा बहुधा मी एकटाच उरलो आहे. त्यातही माझा खरा छंद फोटो काढण्याचा नसून अंधारात उभे राहून गाणे ऐकण्याचा आहे, असे सौभाग्यवतींचे मत आहे. ते सर्वस्वी खोटे नाही.

हे वेड काकांकडून आले. इंदूरच्या रामबागेतील आमच्या जुन्या घरात जिन्याखाली एक कोंदट खोली होती. काका एका कापडगिरणीत हिशेबनीस होते. रविवारी दुपारी जेवण आटोपले की ते त्या खोलीची फट न् फट काळ्या कापडाने बुजवीत आणि आत शिरत. 1978 साली, मी दहा वर्षांचा असताना, त्यांनी मला प्रथम आत घेतले. तांबडा दिवा, व्हिनेगरसारखा आंबूस दर्प, शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन ट्रे, आणि पहिल्या ट्रेखाली काकूंची पितळी परात, तीत बर्फाचे खडे. माळव्याच्या रात्रींचे थंडपणाबद्दल कितीही कौतुक असो, उन्हाळ्यातील दुपार ती दुपारच. आणि डेव्हलपर 20 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावा लागतो. द्रावण तापले की रसायन घाई करते आणि चित्र काळवंडते.

त्या खोलीत घड्याळ नव्हते. घड्याळाचे काम बाहेर ओट्यावर बसलेल्या काकू करीत, त्यांच्या चावीच्या ग्रामोफोनसह. 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची, क्वचित थोडी अधिक. आणि ब्रोमाइड कागद डेव्हलपरमध्ये ठेवावयाचा काळही जवळपास तेवढाच. काकांनी आतून ‘हं’ म्हटले की काकू सुई टेकवीत. हिराबाई बडोदेकरांचा वा अब्दुल करीम खाँसाहेबांचा स्वर दारातून झिरपू लागे आणि ट्रेमधील पांढऱ्या कागदावर आधी केस, मग डोळे, मग चेहऱ्याची कड उमटू लागे. गाणे संपून सुई खरखरली की काका चिमट्याने कागद उचलून दुसऱ्या ट्रेमध्ये टाकीत. कधी काकू गाण्यात रमून सुई टेकविण्यास उशीर करीत, कधी शेजारणीशी बोलताना मध्येच उचलून ठेवीत. त्या दिवसाचे फोटो फिके वा गडद निघत. काका त्याबद्दल काही बोलत नसत, परंतु फोटोच्या मागे पेन्सिलीने तबकडीचे नाव लिहून ठेवीत.

आपण वैद्यकातील मंडळी असल्याने अंधारातील गाणे वेगळे का भासते याची थोडी कारणे सांगता येतील. डोळ्यातील शलाकापेशी अंधाराला पूर्णपणे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे घेतात. गडद तांबड्या प्रकाशाला त्या जवळजवळ प्रतिसादच देत नाहीत आणि छपाईचा कागदही तांबड्या रंगाला आंधळा असतो, म्हणून तर तो दिवा चालतो. फिल्म धुताना मात्र तोही चालत नाही. सर्व रंगांना संवेदनशील असलेली फिल्म रिळावर चढवून डब्यात बंद करेपर्यंत मिट्ट काळोख हवा. त्या चार-पाच मिनिटांत हातांना डोळ्यांचे काम करावे लागते आणि कानांना मनाचा सांभाळ. फिल्म रिळावर अडली आणि घाम फुटला की ती चिकटते. तेव्हा पार्श्वभूमीला काही संथ स्वर असेल तर बोटे थरथरत नाहीत, असा माझा अनुभव आहे. शिरेत सुई घालताना तान्ह्या बाळाच्या आईशी आपण उगीचच काही बोलत राहतो, ते जसे आईइतकेच आपल्या स्वतःच्या हातासाठी असते, तसेच हे.

गाणे कोणते हवे, याबाबत मी पुष्कळ प्रयोग केले आहेत. द्रुत तराणा वा ढोलकीची लावणी अजिबात उपयोगाची नाही. नकळत हात तालावर हलू लागतो, ट्रे प्रमाणाबाहेर हेलकावते आणि आकाशासारख्या सपाट भागावर लाटांचे डाग उमटतात. चित्रपटगीते काळ मोजण्यास सोयीची, परंतु त्यांचे शब्द पाठ असल्याने आपण गाऊ लागतो आणि सेकंद मोजण्याचे विसरतो. माझी निवड आमच्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँ यांच्यावर येऊन थांबली आहे. 1960 साली निघालेल्या त्यांच्या दीर्घवादन तबकडीच्या एका बाजूस मारवा आहे, दुसरीस दरबारी. सायंकाळचे रुग्ण आटोपून मी अंधारखोलीत शिरतो ती वेळ नेमकी मारव्याची असते. ज्यात पंचमाचा आधार नाही आणि षड्जावरही मन फार टेकत नाही, असा तो राग. आणि खाँसाहेबांची ती अतिविलंबित, चौदा मात्रांच्या झुमऱ्यावर सावकाश सरकणारी बढत. समेची वाट पाहण्यास एकदा मन शिकले की ट्रेमधील चित्राची वाट पाहणे सोपे जाते.

माझ्या या समजुतीला थोर आधारही आहेत. अमेरिकेतील निसर्गाची कृष्णधवल चित्रे ज्यांनी अजरामर केली, ते अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स तरुणपणी पियानोवादक होण्याची तयारी करीत होते. छायाचित्रणाकडे वळल्यावरही त्यांनी अंधारखोलीत सेकंद मोजण्यास मेट्रोनोम ठेवला होता. निगेटिव्ह म्हणजे संगीतकाराने लिहिलेली स्वरलिपी आणि छपाई म्हणजे तिचा प्रयोग, अशी तुलना ते करीत. आपल्याकडे हे अधिकच पटावे. बंदिश तीच, पण गाणारा निराळा, वेळ निराळी, की गाणे निराळे.

दुसरे डब्ल्यू. यूजीन स्मिथ. 1948 साली ‘लाइफ’ नियतकालिकात त्यांची ‘कंट्री डॉक्टर’ ही चित्रमालिका प्रसिद्ध झाली. कोलोरॅडोतील एका आडगावी एकट्याने दवाखाना चालविणाऱ्या डॉ. अर्नेस्ट सेरियानींची ती कथा. घोड्याची लाथ बसलेल्या चिमुरडीच्या कपाळावर टाके घालतानाचा त्या डॉक्टरांचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्या बालरोगतज्ज्ञाला तो विसरता येणार नाही. याच स्मिथनी पुढे 1971 ते 1973 या काळात जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याची विषबाधा आईच्या उदरातच झालेल्या मुलांची छायाचित्रे काढली. हे गृहस्थ एकेका छपाईवर दिवस घालवीत, संगीताच्या सोबतीने. 1957 पासून न्यू यॉर्कच्या सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूवरील ज्या जुनाट इमारतीत ते राहत, तेथे रात्र रात्र जॅझ वादक जमत. स्मिथनी साऱ्या इमारतीत मायक्रोफोन लावून सुमारे 4,000 तासांचे ध्वनिमुद्रण करून ठेवले. भिंतीपलीकडे सॅक्सोफोन आणि अलीकडे तांबडा दिवा, असे ते जगणे. प्रकृती आणि पैसा या दोहोंची त्यात धूळधाण झाली, हेही सांगितले पाहिजे.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावयास मी अखेर तयार झालो, तो सांगतो. 1993 साली मी पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला होतो. रुग्णालयाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. तेव्हा क्ष-किरण फिल्म हाताने धुतली जाई. डेव्हलपरमध्ये पाच मिनिटे, मग पाणी, मग हायपो. रात्रपाळीला एक वयस्क तंत्रज्ञ असत, आम्ही सारे त्यांना दादा म्हणत असू. देवासकडच्या एका खेड्यातले. अंधारखोलीतील घड्याळ बंद पडले होते, पण दादांचे अडत नसे. फिल्म टाकीत सोडली की ते कबिराचे एक निर्गुणी भजन, माळव्यात म्हणतात त्या चालीवर, हलक्या आवाजात म्हणत. ते संपले की पाच मिनिटे झाली.

एका रात्री दोनच्या सुमारास दोन वर्षांचा एक मुलगा आला. संध्याकाळपासून खोकला, धाप. मी स्वतः त्याला घेऊन क्ष-किरण विभागात गेलो आणि अंधारखोलीत दादांच्या मागे उभा राहिलो. वॉर्डात आणखी दोन गंभीर मुले होती. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. भजन जेमतेम अर्ध्यावर आले असताना मी म्हणालो, ‘‘दादा, निकालो अब. बच्चा तकलीफ में है.’’

‘‘डॉक्टरसाब, अभी अंतरा बाकी है.’’

मी त्यांचे ऐकले नाही. आवाज चढवून फिल्म काढावयास लावली. तांबड्या दिव्यापुढे ठिबकती फिल्म धरून पाहिली, तर दोन्ही फुफ्फुसे सारखीच राखाडी, धुरकट. मी न्यूमोनिया असे लिहिले आणि प्रतिजैविके सुरू केली. तिसऱ्या दिवशीही मूल तसेच. राउंडला सरांनी ती फिल्म व्ह्यूबॉक्सवर लावली, क्षणभर पाहिली आणि एवढेच विचारले, ‘‘ही धुतली कुणी?’’

दुसरी फिल्म काढली. ती पूर्ण पाच मिनिटे धुतली गेली. तीत उजवे फुफ्फुस डाव्याहून स्पष्ट काळे, हवेने फुगलेले, आणि हृदय डावीकडे ढकललेले दिसत होते. तेव्हा कुठे मी आईला नीट विचारले. त्या संध्याकाळी मूल शेंगदाणे खात हसत होते, आणि एकदम ठसका लागला होता. कान-नाक-घसा विभागाने ब्राँकोस्कोपीने अर्धा दाणा काढला. चार दिवसांनी मुलगा घरी गेला. पहिली फिल्म नीट धुतली असती तर मला ते दिसले असतेच, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. ठसक्याची हकीकत न विचारणे हा तर माझाच दोष होता. परंतु आवाज मी चढविला होता, आणि तोही वडिलांच्या वयाच्या माणसावर.

त्या रात्री मी मुद्दाम अंधारखोलीत गेलो. क्षमा मागावयाची होती, शब्द सापडेनात. दादांनी स्टूल पुढे सरकविले. त्यांनी एक फिल्म टाकीत सोडली आणि भजन सुरू केले. मी पहिल्यांदा ते शेवटपर्यंत ऐकले.

पुढे कळले की दादांनी तरुणपणी कुमार गंधर्वांना जवळून ऐकले होते. क्षयाने ग्रासलेले कुमारजी 1948 साली हवापालटासाठी देवासला आले, काही वर्षे त्यांचे गाणे पूर्ण बंद होते, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या ते खिडकीबाहेरची माळवी लोकगीते ऐकत. स्ट्रेप्टोमायसिनने प्राण वाचले, पण एक फुफ्फुस निकामी झाले. नंतरची त्यांची ती छोट्या, झेपावणाऱ्या ताना घेणारी गायकी आपण सर्व जाणतो. त्यांच्याही छातीच्या फिल्म कुठल्या तरी अंधारखोलीत कुणीतरी धुतल्या असतील, हा विचार मला कुमारजींचे निर्गुणी भजन ऐकताना हटकून येतो.

आता रुग्णालयांतून संगणकावर क्षणात चित्र उमटते, आणि ते उत्तमच आहे; त्या जुन्या ओल्या फिल्मसाठी मी अश्रू ढाळणार नाही. घरच्या न्हाणीघरात मात्र माझा एन्लार्जर अजून आहे. कन्येने ब्लूटूथ स्पीकर दिला आहे. त्याच्या निळ्या दिव्याने पहिल्याच दिवशी चार कागद वाया गेले, कारण ब्रोमाइडला निळ्याइतका घातक दुसरा रंग नाही. आता त्यावर जखमेला लावावयाच्या चिकटपट्टीचे तीन थर आहेत. मोबाइल दाराबाहेर असतो.

गेल्या महिन्यात काकांच्या निगेटिव्हचा एक डबा हाती लागला. त्यात काकूंचे एक चित्र होते, ओट्यावर, मांडीशी ग्रामोफोन. रविवारी ते छापावयास घेतले. हिराबाईंचे तेच गाणे शोधून लावले. परंतु या नव्या प्रतीतून खरखर काढून टाकलेली असल्याने गाणे कधी संपले ते मला कळलेच नाही, आणि पहिली प्रत काळी झाली. दुसरी बरी आली आहे. ती अजून दोरीवर वाळते आहे. मागे तबकडीचे नाव लिहावयाचे राहिले आहे.