विद्यापीठ आणि उद्योग यांचा शेजार

कारखाना कोठे उभारावा, हा प्रश्न पूर्वी बहुधा भूगोलच सोडवीत असे. मुंबईच्या कापडगिरण्या बंदर व लोहमार्ग यांच्या आधाराने वाढल्या. साखर कारखाने उसाच्या मळ्यांजवळ निघाले, कारण तोडलेला ऊस फार काळ पडून राहिला की त्यातील साखर घटू लागते. परंतु विसाव्या शतकात असे काही उद्योग जन्मास आले की, ज्यांच्या मुख्य कच्च्या मालाला वजनच नाही. सूक्ष्म उपकरणे, औषधे, अर्धवाहक आणि संगणकाच्या आज्ञावली यांत द्रव्य थोडे व ज्ञान फार असते. ज्ञान तर मनुष्याच्या बुद्धीत आणि हातात वास करते. मग अशा उद्योगाने कोणाच्या शेजारी राहावे?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९५१ साली याचे एक उत्तर दिले. फ्रेडरिक टर्मन या प्राध्यापकांच्या पुढाकाराने विद्यापीठाची मोकळी जमीन तांत्रिक उद्योगांना भाडेपट्ट्याने देण्यात येऊ लागली. पुढे ही कल्पना जगभर पसरली. चंदिगढ व त्याचे उपनगर मोहाली येथे तिचे गुण आणि तिच्या मर्यादा दोन्ही पाहावयास मिळतात.

आराखड्यातील अंतर

त्याच १९५१ साली ल कॉर्ब्युझिए यांनी चंदिगढचा आराखडा हाती घेतला. निवास, काम, विश्रांती आणि दळणवळण ही नगराची चार कार्ये त्यांनी वेगळी राखली. कारखान्यांसाठी आग्नेयेकडे, रेल्वेच्या बाजूस जागा नेमली गेली. विद्यापीठ वायव्येकडे, सेक्टर १४ मध्ये वसले. म्हणजे विद्या आणि उद्योग नगराच्या दोन टोकांना गेले. धूर व गोंगाट करणाऱ्या कारखान्यांचा विचार करता ही व्यवस्था योग्यच होती.

हे विद्यापीठही निर्वासितच होते. १८८२ साली लाहोर येथे स्थापन झालेली ही संस्था १९४७ च्या फाळणीनंतर विखुरली. कचेरी सोलन येथे, तर अनेक अध्यापन विभाग होशियारपूर येथे, अशी तिची काही वर्षे गेली. १९५६ पासून ती चंदिगढला स्थिरावू लागली. तिच्या परिसराची रचना पिएर जानरे यांनी केली.

मधली जागा भरू लागते

या दोन टोकांमधील अंतर प्रथम प्रयोगशाळांनी कमी केले. १९५९ साली स्थापन झालेली केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना १९६२ साली दिल्लीहून चंदिगढला आली. पुढील वर्षी तिच्याशी संलग्न असे भारत-स्विस प्रशिक्षण केंद्र निघाले. हा क्रम अर्थपूर्ण आहे. उपकरणाची कल्पना शास्त्रज्ञाला सुचते. पण भिंगाला वा धातूला अचूक आकार देणारा कुशल हात नसेल, तर ती कल्पना कागदावरच राहते. याच संघटनेने पुढे 'तेजस' विमानाच्या वैमानिकाला समोर पाहता पाहता आवश्यक माहिती दाखविणारे उपकरण विकसित केले.

यानंतरचे पाऊल मोहालीत पडले. सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कारखान्यास १९७६ साली मान्यता मिळाली आणि १९८४ साली तेथे उत्पादन सुरू झाले. तेथील प्रारंभीच्या चकत्यांवरील रेषा सुमारे ५ मायक्रॉन रुंदीच्या होत्या. मनुष्याच्या केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास असते. १९८९ साली लागलेल्या भीषण आगीत हा कारखाना उद्ध्वस्त झाला. जगातील हे तंत्र दरवर्षी पुढे धावत असता पुनर्बांधणीत गेलेला काळ फार महाग पडला. आज तेथे १८० नॅनोमीटरचे, म्हणजे आरंभाच्या सुमारे २८ पट सूक्ष्म, तंत्र वापरले जाते. अवकाशयानांसाठी बनविलेला 'विक्रम' हा प्रक्रियक २०२५ साली याच ठिकाणाहून देशासमोर आला.

२००५ साली चंदिगढच्या ईशान्येस, किशनगढ गावाजवळ, राजीव गांधी तंत्रोद्यानाचे उद्घाटन झाले. मोहालीच्या सेक्टर ८१ मध्ये भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, कृषि-खाद्य जैवतंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आणि नॅनो विज्ञानाची संस्था एकमेकींजवळ उभ्या राहिल्या. त्यांच्या शेजारच्या शेतजमिनीवर माहिती-तंत्रज्ञान नगरी आखली गेली.

शेजाराने काय साधते?

ज्ञानाची देवाणघेवाण मुख्यत्वे तीन वाटांनी होते. पहिली वाट माणसांची : विद्यार्थी उद्योगात जातो आणि अनुभवी अभियंता अध्यापनास येतो. दुसरी उपकरणांची : पंजाब विद्यापीठातील महागडी विश्लेषण-यंत्रे शुल्क देऊन बाहेरच्यांनाही वापरता येतात, त्यामुळे छोट्या कारखानदारास स्वतःचे यंत्र न घेताही आपल्या मालाची परीक्षा करता येते. तिसरी वाट समान प्रश्नांची : कारखान्यात अडलेला प्रश्न प्रयोगशाळेत संशोधनाचा विषय बनतो.

या वाटा नसतील, तर जवळीक व्यर्थ होय. दूरदेशीच्या ग्राहकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या कंपनीस विद्यापीठाकडून बहुधा पदवीधर हवे असतात; तेथील संशोधनाशी तिचा संबंध येईलच असे नाही. अशा वेळी मधली कुंपणाची भिंत समुद्राहूनही रुंद ठरते.

शिवाय या शेजाराची किंमत असते, आणि ती बहुतेक वेळा तिसराच कोणी देतो. उपनगर वाढते ते गावाच्या शेतीवर. १९५८ साली एका बरसाती ओढ्यावर बांध घालून निर्माण केलेला सुखना तलाव तंत्रोद्यानापासून दूर नाही. त्याचे पाणी भोवतालच्या टेकड्यांवरून येते आणि हिवाळ्यात तेथे स्थलांतर करणारे पक्षी उतरतात. बुद्धीच्या उद्योगाला धुराडे नसते हे खरे. परंतु जमीन, पाणी व रस्ते त्यालाही लागतातच.

महाराष्ट्रातील वाचकास हा प्रश्न परका नाही. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि जवळच पाषाण येथे १९५० साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उघडली; हिंजवडीचे तंत्रोद्यान मात्र बऱ्याच नंतर, शहराबाहेरील शेतांवर वसले. अशा कोणत्याही नगरीचे मोल इमारतींच्या उंचीवरून ठरवू नये. विद्यापीठातून तिकडे आणि तिकडून विद्यापीठात रोज किती माणसे व किती प्रश्न ये-जा करतात, आणि ज्यांच्या शेतावर ती उभी राहिली त्यांच्या मुलांना त्या दारातून आत जाता येते की नाही, यावरून ते ठरवावे.